कराची ते जुहू, सव्वासात तास

सिन्नर : आपल्याकडं कुणालाही अंतर विचारा, माणूस किलोमीटर सांगत नाही, वेळ सांगतो. नाशिक किती लांब? एसटीनं तासभर. मुंबई? घाटात गाड्या अडकल्या नाहीत तर चार तास. मळा किती लांब? हे काय, पाच मिनिटांवर. आणि चालायला लागलं की वीस मिनिटं जातात.

मागच्या आठवड्यात सोयाबीन काढणी चालू असताना आमच्या शेजारच्या पोराचा दुबईहून फोन आला. तिकडं तो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. मी बातम्या लिहितो म्हणून गावात मला सगळं माहीत असतं असा त्याचा समज आहे. त्यानं विचारलं, मुंबईपासून कराची विमानानं किती लांब? त्याच्या खोलीत कराचीचा एक पोरगा राहतो म्हणे, दोघांची पैज लागली होती. मशिनचा आवाज एवढा होता की मी नंतर सांगतो म्हणून फोन ठेवला. रात्री बघितलं तर सरळ रेषेत साधारण ८८० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून दिल्ली जितकी लांब, त्याहून कराची जवळ. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्याच्यापुढं थोडं गेलं की कराची.

ते बघता बघता तारीख लक्षात आली. आज १५ ऑक्टोबर. १९३२ साली याच तारखेला, शनिवारी, एक २८ वर्षांचा माणूस एकटाच विमान घेऊन कराचीहून निघाला आणि मुंबईला जुहूवर उतरला. भारतातल्या विमानसेवेची सुरुवात त्या दिवसापासून धरतात. माणसाचं नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जेआरडी.

टाटा हे नाव आपल्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. मिठाच्या पुडीवर आहे, कांद्याच्या ट्रकवर आहे. घरात कुणाला कॅन्सर निघाला तर पेशंटला टाटाला नेलंय एवढंच सांगतात, पुढचं समोरचा समजून घेतो. पण हा माणूस स्वतः विमान चालवत होता, तेही हौसेपुरतं नाही, टपाल घेऊन, घड्याळ लावून, हे आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. मलाही नीट माहीत नव्हतं. श्रीमंताच्या घरचा छंद असेल असं वाटायचं. वाचत गेलो तसं मत बदललं.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नात्यातले भाऊ आणि धंद्यातले भागीदार. आई सुझान, फ्रेंच. लग्नानंतर तिचं नाव सूनी झालं. घरची भाषा फ्रेंच. बालपण थोडं फ्रान्समध्ये, थोडं मुंबईत, मधे जपानलाही. शाळा सारखी बदलायची. १९२३ मध्ये आई क्षयानं गेली.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्दलो म्हणून गाव आहे. तिथं टाटांचं सुट्टीतलं घर होतं आणि शेजारी घर होतं लुई ब्लेरिओचं. हा ब्लेरिओ म्हणजे १९०९ साली विमानानं इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस. खाडीची रुंदी तिथं पस्तीस-छत्तीस किलोमीटर, त्याला साधारण ३७ मिनिटं लागली. आता हिशेब करा, सिन्नरहून नाशिकला जाण्याएवढं ते अंतर. पण मधे पाणी होतं आणि त्याआधी ते कुणी विमानानं पार केलं नव्हतं, म्हणून जगभर त्याचं नाव झालं. ब्लेरिओची विमानं त्या वाळूवर उतरायची. शेजारचं पोरगं बघत बसायचं. पंधराव्या वर्षी तिथंच त्याला पहिल्यांदा विमानात बसायला मिळालं, आणि आपण वैमानिक व्हायचं हे त्यानं तेव्हाच मनात धरलं.

पण लगेच काही झालं नाही. जन्मानं फ्रेंच नागरिक असल्यामुळं वर्षभर फ्रेंच सैन्यात काढावं लागलं. घोडदळात. आणखी काही महिने राहून तिथल्या नामांकित घोडेस्वारीच्या शाळेत जायचं मनात होतं. वडिलांनी नाही म्हटलं. पुढं ती तुकडी मोरोक्कोत लढाईला गेली आणि जवळजवळ सगळी कापली गेली. केंब्रिजला शिकायला जायचं होतं, तेही राहिलं. १९२५ च्या अखेरीस वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं आणि टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसवलं. पुढच्याच वर्षी वडील वारले. बावीस वर्षांचा मुलगा, कॉलेजची डिग्री नाही, मराठी-हिंदी धड येत नाही, आणि अंगावर घरची जबाबदारी. शिक्षण अर्धवट राहिल्याची खंत त्यांना आयुष्यभर होती असं सांगतात. बारावीवर थांबलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब निघाला तेव्हा जेआरडी तिथं लगेच दाखल झाले. शिकवणाऱ्याबरोबर पावणेचार तासांचं उड्डाण झालं आणि त्यांना एकट्याला विमान दिलं. आपल्याकडं ट्रॅक्टर शिकायला पोरं यापेक्षा जास्त वेळ घेतात. १० फेब्रुवारी १९२९ ला लायसन्स मिळालं. भारतात दिलेल्या वैमानिकाच्या लायसन्सवर नंबर होता १. त्याच वर्षी त्यांनी फ्रान्सचं नागरिकत्व सोडलं. १९३० च्या डिसेंबरात थेल्मा विकाजी यांच्याशी लग्न झालं. ती ओळखही मजेशीर. जेआरडी गाडी फार जोरात हाकायचे, त्यातून एक केस अंगावर आली, वकील केला तो थेल्माचा काका.

लग्नाआधी त्याच वर्षी एक शर्यत झाली होती. आगाखान यांनी बक्षीस लावलं होतं ५०० पौंडांचं. भारत ते इंग्लंड किंवा इंग्लंड ते भारत, एकट्यानं विमान चालवून जो भारतीय आधी पोचेल त्याला. जेआरडी मे महिन्यात कराचीहून निघाले. समोरून, म्हणजे इंग्लंडहून, ॲस्पी इंजिनिअर नावाचा अवघा १७ वर्षांचा मुलगा निघाला होता. तिसरे मनमोहन सिंग. ते नियमातल्या मुदतीत बसले नाहीत. जेआरडी इजिप्तमध्ये अबुकीरला उतरले तर तिथं ॲस्पी अडकून पडलेला. इंजिनाचे स्पार्क प्लग गेलेले, जवळ दुसरे नाहीत. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. दोघं आपापल्या दिशेनं उडाले. ॲस्पी कराचीला पोचला, जेआरडी लंडनला, आणि बक्षीस काही तासांच्या फरकानं ॲस्पीला गेलं.

आपल्याकडं शंकरपटात समोरच्याचा जू मोडला तर आपला देणारा किती जण भेटतील? हा ॲस्पी पुढं भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. जेआरडींना हरल्याचं दुःख झालं असेल तर ते कुठं दिसत नाही.

आता टपालाचा विषय. १९२९ पासून लंडनहून कराचीपर्यंत इंग्रजांची आठवड्याची विमानसेवा सुरू झाली होती. तेवढ्या लांबून पत्र विमानानं कराचीला यायचं, आणि कराचीत उतरून रेल्वेत पडायचं. मुंबई, मद्रासला पोचेपर्यंत त्याचे पुढचे दिवस रुळावरच जायचे. आपल्याकडं कांदा समृद्धीवरून झपाट्यानं येतो आणि मार्केटच्या गेटवर रात्रभर उभा राहतो, तसलाच प्रकार. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा इंग्रज हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक भारतात विमानं घेऊन फिरत होता. त्याच्या डोक्यात हा तुकडा आला. कराचीपासून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत टपाल आपण विमानानं नेऊ. तो जेआरडींकडं आला. जेआरडींना समजावायची गरज नव्हती, समजावायचं होतं ते सर दोराबजी टाटांना, कारण पैसा त्यांच्या हातात. दोराबजी राजी नव्हते. जेआरडी ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या जॉन पीटरसन साहेबांनी मध्यस्थी केली आणि दोन लाख रुपयांवर काम ठरलं. मग सरकारशी पत्रव्यवहार. त्यात जवळजवळ तीन वर्षं गेली. सरकार मदत द्यायला तयार नव्हतं, शेवटी टाटांनी अनुदान नको म्हणून सांगितलं, फक्त टपालाच्या वजनावर पैसे द्या. एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. जूनमध्ये दोराबजी परदेशात वारले. ज्यांनी पैसा दिला त्यांनी पहिलं विमान बघितलंच नाही.

एक गोष्ट इथं सांगून ठेवतो, कारण आज ती लक्षात राहत नाही. १९३२ साली सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. कराची आणि आपला नाशिक जिल्हा एकाच सरकारच्या कारभाराखाली. सिंध वेगळा झाला १ एप्रिल १९३६ ला. म्हणजे जेआरडी कराचीहून मुंबईला आले ते कागदोपत्री आपल्याच इलाख्यातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला आले.

विमान होतं पस मॉथ. एकच इंजिन, १२० हॉर्सपॉवरचं. आपल्याकडचे दोन-अडीच ट्रॅक्टर धरा. पंख लाकडी, अंगावर कापड ताणलेलं. वेग ताशी साधारण १६० किलोमीटर. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे आणि ती किती जण पाळतात हे बातम्या लिहिताना आम्हाला कळतंच. रेडिओ नाही. हवामानाचा अंदाज वाटेत सांगणारं कुणी नाही. रात्री उडायची सोय नाही. मांडीवर नकाशा, समोर होकायंत्र, आणि खाली दिसेल ती नदी, रूळ, किनारा ही खूण. मुंबईहून मराठवाड्यात पहिल्यांदा ट्रक घेऊन जाणारा ड्रायव्हर जसा विचारत विचारत जातो तसं, फक्त इथं विचारायलाही कुणी नाही.

सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून ते निघाले. कराचीला तेव्हा इंग्रजांनी आर-१०१ नावाच्या अवाढव्य हवाई जहाजासाठी डोंगराएवढा हँगर बांधून ठेवलेला होता. ते जहाज कराचीला पोचलंच नाही, १९३० च्या ऑक्टोबरात पहिल्याच मोठ्या प्रवासात फ्रान्समध्ये पडून जळालं. साम्राज्याचा हँगर रिकामा आणि टाटांचं दोन-तीन माणसांपुरतं विमान टपालाच्या पिशव्या घेऊन उडालं. टपाल किती? पंचवीस-तीस किलो. कांद्याची अर्धी गोणी म्हणा.

सिंधचा मुलूख, कच्छचं रण, मग गुजरात. मार्ग सरळ नव्हता. सरळ यायचं तर समुद्रावरून यावं लागतं, आणि एका इंजिनाच्या विमानाला तेवढं तेलही पुरणार नाही. म्हणून वळसा घेऊन आधी अहमदाबाद. कराची ते अहमदाबाद साधारण ५९० किलोमीटर, तिथून मुंबई ४४०. दोन्ही मिळून हजाराच्या वर. अहमदाबादला विमानात पेट्रोल भरायचं होतं. पेट्रोल आलं बैलगाडीतून. चार-चार गॅलनचे डबे, एकेक डबा साधारण १८ लिटरचा. बैलगाडीतून उतरवलेलं पेट्रोल विमानात ओतलं आणि विमान पुढं निघालं. या एका चित्रासाठी मी हा सगळा इतिहास दोनदा वाचला.

दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला उतरलं. कराची सोडल्यापासून सव्वासात तास, अहमदाबादचा थांबा धरून. मद्रासचं टपाल तिथं व्हिन्सेंटच्या विमानात गेलं आणि तो बल्लारीकडं उडाला. अंधारात उडता येत नव्हतं म्हणून रात्र बल्लारीला, दुसऱ्या दिवशी मद्रास.

जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्रालगतची चिखलाची जमीन. झावळ्यांनी शाकारलेली एक शेड हेच कार्यालय. माणसं हातावर मोजण्याइतकी. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली जायचं, विमान उतरवणं सोडा, उभं करायला कोरडी जागा नाही. मग पावसाळाभर बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला येरवड्याला. पाऊस संपला की परत जुहू. ज्यानं जुलैत काळ्या रानात ट्रॅक्टर घालून बघितलाय त्याला हे वेगळं समजवायला नको. तरी पहिल्या वर्षात विमानं सुमारे १ लाख ६० हजार मैल उडाली, टपालासोबत १५५ प्रवासी गेले आणि ६० हजार रुपये नफा झाला. वेळेच्या बाबतीत तर सरकारी खात्यानंच त्यांचं उदाहरण इतरांना दाखवलं.

हे सगळं मोठ्या लोकांच्या टपालासाठी होतं, हे खरं. त्या १५५ प्रवाशांत आपल्या तालुक्यातलं कुणी असण्याचं कारण नव्हतं. आपल्याकडं तेव्हा पोस्टमन पायी यायचा. पण तारखेला आणि तासाला बांधलेली विमानसेवा या देशात या देशातला माणूस चालवू शकतो, हे त्या झावळ्यांच्या शेडनं दाखवलं.

१९३८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पुढच्या कामाची यादी लांब आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी छापलेली आहे. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ चं, मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था १९४५ ची, ट्रकवाली टेल्को त्याच वर्षीची. मला विमानावरच राहायचंय.

व्हिन्सेंट १९४२ च्या जानेवारीत युद्धाच्या धामधुमीत इंग्लंडला जाताना विमानासकट बेपत्ता झाला. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्याचं नाव आज फारसं कुणी घेत नाही.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस नावाचं चार इंजिनांचं विमान मुंबईहून लंडनला निघालं. ३५ प्रवासी, वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबा, जेआरडी आणि थेल्मा दोघंही विमानात. निघाले ८ तारखेच्या रात्री, पोचले १० ला. मुंबई-लंडन सरळ अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास. आज तेच नऊ-दहा तासांत होतं. १९३२ चं पंचवीस किलो टपाल आणि १९४८ चं लंडन, मधे फक्त सोळा वर्षं. आपल्याकडं सोळा वर्षांत एक पाझर तलाव पूर्ण होत नाही.

१९५३ मध्ये सरकारनं विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना विश्वासात न घेता हे केलं, याचा त्यांना फार राग आला होता. तरी नेहरूंच्या सांगण्यावरून एअर इंडियाचं अध्यक्षपद घेतलं आणि पंचवीस वर्षं पगार न घेता सांभाळलं. चालवायची कशी, तर सुनेनं नवं घर लावावं तसं. विमानात बसले की वही काढायचे. चहाला रंग कसा, पडदे मळलेत का, काटे-चमचे कसे लावलेत, सगळं टिपून खाली उतरल्यावर चिठ्ठी जायची. संडास घाण दिसला तर स्वतः पुसायला कमी करायचे नाहीत. आणि वेळ. जिनिव्हाची एक गोष्ट सांगतात. तिथल्या एका माणसाला कुणीतरी किती वाजले विचारलं तर त्यानं खिडकीतून बाहेर बघून बरोबर वेळ सांगितली, कारण एअर इंडियाचं विमान तेव्हाच उतरत होतं. खरी असो नसो, अशी गोष्ट आपल्या एखाद्या सरकारी गाडीबद्दल जन्माला आली यातच सगळं आलं. आमच्या थांब्यावर सकाळची सातची एसटी आली की आम्ही साडेसात धरतो.

१९६२ मध्ये त्या पहिल्या उड्डाणाला तीस वर्षं झाली. जेआरडींनी लेपर्ड मॉथ नावाचं तसंच जुन्या घडणीचं छोटं विमान घेतलं आणि पुन्हा कराचीहून मुंबईला एकटे उडाले. वय ५८. मार्ग तोच, पण निघाले ते परदेशातून. मधल्या काळात कच्छच्या रणावरून एक सरहद्द गेली होती. वरून ती दिसत नाही.

१९७८ उजाडलं ते वाईट. १ जानेवारीला एअर इंडियाचं सम्राट अशोक हे जंबो विमान मुंबईहून निघाल्यावर काही मिनिटांत समुद्रात कोसळलं, २१३ जीव गेले. महिन्याभरात, १ फेब्रुवारीला, मोरारजी देसाईंच्या सरकारनं जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. नीट बोलावून सांगितलंही नाही, त्यांना ते दुसऱ्यांकडून कळलं. सरकारला माणूस बदलायचा अधिकार असतो, त्याबद्दल वाद नाही. पण बिनपगारी पंचवीस वर्षं राबलेल्या सालगड्यालासुद्धा आपण पाडव्याला समोर बसवून हिशेब देतो, शेला-टोपी करतो. हे मला तरी पटलं नाही. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतलं, अध्यक्ष म्हणून नाही.

आणि मग १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं. जेआरडी ७८ वर्षांचे. मधे १९६५ आणि १९७१ अशी दोन युद्धं होऊन गेलेली. तरी दोन्ही देशांनी परवानगी दिली आणि १५ ऑक्टोबरला हा म्हातारा माणूस पुन्हा लेपर्ड मॉथमध्ये एकटा बसला. कराची, अहमदाबाद, जुहू. जवळ नेहमीची स्लाइड रूल, म्हणजे सरकपट्टीची गणितं करायची मोजपट्टी, तिच्यावर वेग-वेळ-अंतर मांडत आले. जुहूला गर्दी जमली होती. तरुण पोरांमध्ये काहीच होणार नाही अशी निराशा पसरलीय असं त्यांना वाटायचं, ती थोडी हलावी म्हणून हा खटाटोप केला असं त्यांनी तेव्हा बोलून दाखवलं होतं. आमच्याकडं ७८ व्या वर्षी म्हाताऱ्याला मोटरसायकलवर मागं बसवतानाही दोनदा विचार करतात.

१९९२ मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले, वय ८९. पॅरिसला, जिथं जन्मले त्याच शहरात, पेर लाशेज कबरस्तानात दफन झालं. मूलबाळ नव्हतं.

दुबईच्या पोराला रात्री फोन करून ८८० किलोमीटर सांगितले. पैज तो हरला, त्यानं दीड हजार धरले होते. मग त्यानं विचारलं, विमानाला वेळ किती लागतो? आता याला काय सांगायचं. जेट विमान सरळ गेलं तर दीड तासाच्या आसपास. पण सरळ जात कोण? मुंबई-कराची थेट विमान आज नाही. एप्रिल २०२५ पासून तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलंय. जायचंच झालं, आणि व्हिसाची गोष्ट वेगळीच, तर मुंबईहून दुबई साधारण १,९३० किलोमीटर, तीन तास, तिथं थांबा, मग दुबईहून कराची १,१९० किलोमीटर, दोन तास. ३,१०० च्या वर किलोमीटर आणि थांब्यासकट सात-आठ तास सहज. कापडी पंखांचं विमान, बैलगाडीतलं पेट्रोल आणि अहमदाबादचा थांबा धरून १९३२ मध्ये सव्वासात तास लागले होते.

हे सांगितलं तर तो पोरगा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, खोलीतला दोस्त पुढच्या महिन्यात सुट्टीवर निघालाय आणि तो स्वतः दिवाळीला येतोय. निघताना विमानतळ एकच. तो दोन तासांत घरी. हा तीन तासांत मुंबई, आणि तिथून पुढं घाटात गाड्या नसतील तर चार तास सिन्नर.